न पाठवलेलं पोस्टकार्ड

विद्यापीठ चौकातला सिग्नल. औंध-बाणेरकडून घरी परतणाऱ्या आपल्यासारख्यांच्या आयुष्यातले किती तास इथे गेले, याचा हिशेबच नको. २०२० मध्ये इथला उड्डाणपूल पाडला आणि मग तर या चौकाने आपली परीक्षाच घेतली. गाडी न्यूट्रलला, कानात गाणी, डोक्यात उद्याचं प्रेझेंटेशन. बाजूला विद्यापीठाची गर्द झाडी. तिकडे बघायला फुरसत कोणाला?

मला ती मिळाली २०२५ च्या नोव्हेंबरात, तीही मोबाइलमुळे. बातमी होती की पुण्यातल्या खगोलशास्त्रज्ञांना एक दीर्घिका सापडलीय. आपल्या आकाशगंगेसारखीच सर्पिलाकार. नाव अलकनंदा! जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांमधून शोधलेली. तिचा प्रकाश सुमारे १२०० कोटी वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत आलाय. म्हणजे आपल्याला ती दिसते ती विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचं असतानाची. त्या वयात दीर्घिका अस्ताव्यस्त असायला हव्यात, असा समज. ही मात्र आपले दोन बाहू पसरून ऐटीत उभी! शोध लावणारी मंडळी एनसीआरएची. आणि हे एनसीआरए कुठे, तर याच झाडीत. माझ्या सिग्नलपासून पायी जाण्याच्या अंतरावर.

हिरवा लागला, मागून हॉर्न सुरू झाले. पण मला आठवलं ते पोस्टकार्ड.

शाळेत आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, जयंत नारळीकर मुलांना नुसती सही देत नाहीत. ते म्हणतात, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येतं आणि उत्तराखाली सही. मी त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड आणलं. प्रश्नही ठरला होता: इतके तारे आहेत, तरी रात्र काळी का? पण ‘त्यांना हा प्रश्न बावळट वाटला तर?’ या भीतीने कार्ड भूगोलाच्या पुस्तकात राहिलं. मग दहावी, बारावी, एमएस्सीला फिजिक्स याच विद्यापीठात, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत आयटी. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, तेव्हा मी एका कॉलवर होतो. म्यूट करून बातमी वाचली आणि अनम्यूट केलं. बस्स.

अलकनंदाच्या बातमीनंतरच्या शनिवारी मात्र गेलोच. एमएस्सीची एक मैत्रीण संशोधनातच राहिली, ती आयुकात असते. ‘ये की, किती वर्षं नुसता म्हणतोयस,’ म्हणाली.

विद्यापीठात सकाळी चालणं हे एक सुख आहे. वडांच्या पारंब्या, जॉगिंगवाले आजोबा, कँटीनकडे निघालेली हॉस्टेलची मुलं. मुख्य इमारत एकेकाळी गव्हर्नरसाहेबांचा पावसाळी मुक्काम होती. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचं नाव मिळालं. साहेबाच्या बंगल्याचा पत्ता आज सावित्रीबाईंच्या नावावर आहे, हे मला मनापासून आवडतं.

आयुका हे १९८८ मध्ये सुरू झालेलं खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठ केंद्र. नारळीकर त्याचे पहिले संचालक. इमारत चार्ल्स कोरियांची. काळ्या दगडाच्या भिंती ओलांडून आत गेलं की अचानक मोकळं कुंड लागतं. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन तिथे पुतळ्यांच्या रूपात मुक्कामाला आहेत. फूकोचा लंबक आपल्या संथ लयीत झुलत असतो आणि पृथ्वी फिरतेय, याचा पुरावा देत असतो. त्याला अजिबात घाई नाही.

घाई इथे कोणालाच नाही, असं मला वाटत होतं. मैत्रिणीने लगेच झापलं. ‘घाई असते रे. पण आमची कामं तिमाहीत मावत नाहीत.’ मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. २०१७ मध्ये आयुका आणि आयसरच्या मंडळींनी दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला, ‘सरस्वती’. आपल्यापासून ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर, पसारा ६० कोटी प्रकाशवर्षांचा. २०२० मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅटच्या दुर्बिणीतून ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचे अतिनील किरण टिपले. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ निघालं, त्यातली सूर्याचे अतिनील फोटो काढणारी ‘सूट’ ही दुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने बनली. आज ती १५ लाख किलोमीटरवर आहे. बिघडली तर पाना घेऊन जाता येत नाही!

मी गप्प. माझं गेल्या वर्षीचं सॉफ्टवेअर यंदा कोणी उघडतही नाही.

कुंडाच्या पायऱ्यांवर बसून शेवटी तिला विचारलंच. रात्र काळी का? ती हसली नाही. म्हणाली, ‘मोठा जुना प्रश्न आहे. विश्व अनंत, स्थिर आणि कायमचं असतं, तर जिथे बघू तिथे ताराच दिसला असता. पण विश्वाचं वय साधारण १३८० कोटी वर्षं. फार दूरचा प्रकाश अजून पोचलेलाच नाही. शिवाय विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे येणारा प्रकाशही क्षीण होतो.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘अर्थात नारळीकर सरांनी जरा वेगळं उत्तर दिलं असतं. त्यांना महास्फोट मान्य नव्हता ना. त्यांनी सगळा भर प्रसरणावर दिला असता.’

ते वेगळं उत्तर, ती सही, आता मिळणार नाही. प्रश्न बावळट नव्हता, एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली.

परत निघालो तेव्हा चौकात तोच सिग्नल, तेच हॉर्न. फक्त झाडीकडे बघायची सवय लागलीय आता.

तुम्हालाही जायचं असेल तर एरवी आयुकात सहज शिरता येत नाही, आधी चौकशी करावी लागते. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, दारं सगळ्यांसाठी उघडण्याची प्रथा आहे. मुलांची तुफान गर्दी असते, लाजू नका, रांगेत उभे राहा. आणि जाताना एक प्रश्न घेऊन जा. बावळट वाटला तरी विचारून टाका. मी थांबलो, तुम्ही थांबू नका.