हळदीची जाहिरात

परवा सांगलीहून साताऱ्याला परतताना गाडी किर्लोस्करवाडीला थांबली आणि मला एकदम भाचेसून आठवली. दोन्हींचा संबंध काय, तेच सांगते.

भाचेसून सांगलीत घरगुती हळदपूड करून विकते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घ्यायची, निवडायची, दळून आणायची, चाळायची, पाव आणि अर्ध्या किलोची पाकिटं भरायची. सगळं दोन हातांनी. सांगली म्हणजे हळदीची मोठी पेठ. जवळच्या हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे. २००५च्या महापुरात त्यातली पुष्कळ निकामी झाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळदीच्या गावात हळद विकणं अवघड! तिथं प्रत्येकाचा कुणीतरी काका हळद पिकवणारा. गिऱ्हाईक बाहेरूनच यायला हवं.

"मग मोबाइलवर जाहिरात कर की," हे तिला सांगणारी मीच. मजकूरही मीच लिहून दिला. जन्मभर मराठी शिकवलेली बाई, मग काय विचारता! 'सुवर्णकांतीची, सुगंधी, जखमेवर गुणकारी...' वगैरे वगैरे.

भिशीचे पैसे नुकतेच हातात आले होते. लेकाच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले. लग्नसराई तोंडावर होती, म्हणून त्यातूनच तिनं रोजचे दोनशे रुपये असे पंधरा दिवसांचे तीन हजार भरले. वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी पाचशे चाळीस.

पहिल्याच दिवशी जाहिरात परत आली. 'मजकूर नियमात बसत नाही.' कुठला शब्द बसत नाही, ते काही सांगेनात. मी मुलांच्या निबंधात चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ तरी मारत असे! शेवटी आम्हीच अंदाज केला आणि 'जखमेवर गुणकारी' काढलं. मग जाहिरात पास झाली.

चारशेच्या वर लोकांनी अंगठे दाखवले. (आमच्या लहानपणी अंगठा दाखवणं म्हणजे काय होतं, ते आठवून हसू आलं.) वीस-पंचवीस जणांनी 'किंमत?' एवढंच विचारलं. किंमत चित्रात ठळक लिहिलेली होती. उत्तर दिलं की पुढं सामसूम. एका गृहस्थांनी तर 'आमच्याकडं हळद आहे, घेता का?' असं उलट विचारलं! खऱ्या मागण्या आल्या दोन. त्यातली एक पुण्याच्या माझ्या मुलाची, आणि तीही मी फोन करून सांगितलं म्हणून.

बाराव्या दिवशी खातंच बंद झालं. कारण काय, तर 'संशयास्पद हालचाल'. तिनं ओळखपत्राचा फोटो पाठवला. छापील उत्तर आलं. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच उत्तर. फोन करायला नंबर नाही, जायला कचेरी नाही. मी पैशांबद्दल हळहळत होते, तर ती म्हणाली, "मावशी, पैसे गेले ते गेले हो. पण दुकानदारानं फसवलं तर त्याच्या दारात उभं राहून भांडता येतं. इथं मी भांडू कुणाशी?"

मला उत्तर देता आलं नाही.

तिच्या लेकानं मला समजावलं. कुणी मोबाइल उघडला की तिथल्या जाहिरातीच्या जागेचा त्या क्षणी लिलाव होतो म्हणे. मोठ्या कंपन्यांच्या पैशांसमोर आपले दोनशे रुपये उभे. आणि पैसे कापले जातात ते जाहिरात दाखवल्याचे. माल खपो न खपो. मी ऐकतच राहिले. सांगलीच्या मार्केट यार्डातही हळदीचे सौदे होतात. पण तिथं ढीग डोळ्यांसमोर असतो, अडत्या समोर, बोली बोलणारा व्यापारी समोर. या सौद्यात सगळेच अदृश्य!

तर किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. १९१०मध्ये औंधच्या राजेसाहेबांच्या आधारानं त्यांनी या माळावर कारखाना आणला आणि १९२०मध्ये शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. मुळात ती कारखान्याच्या मालाची जाहिरातच. तिचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३०मध्ये 'स्त्री' आलं, १९३४मध्ये 'मनोहर'. आमच्या घरी 'स्त्री' यायचं. जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. तेव्हाही कितीतरी जाहिराती वाया गेल्या असतील. पण त्या कागदावर पत्ता असायचा. शेतकऱ्याचा फाळ मोडला तर शिव्या कुठं पाठवायच्या, ते त्याला ठाऊक होतं.

मी तिला फीचे पैसे देऊ केले. तिनं घेतले नाहीत. 'तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत' म्हणाली. ते जास्त लागलं.

आता ती प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घालते. हळद कुठल्या गावची, दळली कधी, आणि खाली स्वतःचा नंबर: 'काही कमी वाटलं तर फोन करा.' मजकूर पुन्हा माझ्याकडूनच लिहून घेतला. 'सुवर्णकांती' मात्र तिनं स्वतः खोडलं. पाकिटं ओळखीतल्या दोन-तीन केटररकडे ठेवते. खप बेताचाच आहे.

मी निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन वाजला. मिरजेच्या कुणी बाई होत्या. पूड जरा जाड आहे म्हणत होत्या. बऱ्याच बोलल्या. भाचेसुनेनं सगळं ऐकून घेतलं, पत्ता लिहून घेतला आणि लगेच चाळण घेऊन बसली.

तक्रार आली म्हणून इतकी खूश झालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली.