वर निखारा, खाली निखारा

हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. दक्षिण कोकणातून तो त्यानंतरही काही दिवस रेंगाळतो, संध्याकाळी गडगडून जातो, आणि मग एका सकाळी आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं. दुपारी पाठ भाजून काढणारं ऊन, पहाटे गवतावर दव. शरद आला.

वाग्भटाने अष्टांगहृदयात या ऋतूचं पथ्य सांगितलं आहे. पावसाळ्यात साचलेलं पित्त ऊन लागताच उसळतं, म्हणून गोड, कडू, तुरट खावं. साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, साखर, मध ताटात असावं. दिवसा सूर्याने तापलेलं आणि रात्री चंद्राने निववलेलं पाणी प्यावं, त्याला त्याने हंसोदक म्हटलं. कोजागरीच्या रात्री गच्चीवर चांदण्यात ठेवलेलं दूध हे त्याच पाण्याचं भावंड वाटतं. सिंधुदुर्गातल्या घराला मात्र वाग्भट उघडून बघावा लागत नाही. तिथे वर मान केली की काय रांधायचं ते कळतं, कारण ते आढ्यालाच टांगलेलं असतं.

तवसं म्हणजे मोठी काकडी. पावसाच्या तोंडावर बी टाकायचं, वेल मांडवावर चढवायचा. श्रावणात, गणपतीत त्याची कोवळी फळं कोशिंबिरीत जातात. पानाआड लपून राहिलेली काही फळं मात्र वाढत राहतात. आश्विनापर्यंत त्यांची साल जाड, पिवळी-तांबूस होते आणि फळ हातभर लांब. ही तवशी सुंभात अडकवून वाशाला टांगली की कितीतरी दिवस टिकतात. घरात पोरं जमली, सुट्टी लागली, की त्यातलं एक खाली उतरतं. त्याचं धोंडस होतं. गोव्यात त्यालाच तवसळी म्हणतात. काही घरांत ती हळदीच्या पानावर उकडतात, काही घरांत भाजतात.

धोंडसाला फार काही लागत नाही. तांदळाची कणी धुऊन, वाळवून, जाड दळलेला रवा एक वाटी. तवशाचा कीस दोन वाट्या. पाऊण ते एक वाटी गूळ, मूठभर ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ, तूप. असले तर काजू. या सगळ्यात पाणी कुठेच नाही. ते तवशातच आहे. म्हणून कीस पिळायचा नसतो, सुटलेल्या पाण्यासकटच घ्यायचा असतो. आणि सगळ्यात आधी एक फोड कापून चाखायची. काकडीतला कडवटपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते शिजवल्याने जात नाही, कितीही गूळ घातला तरी जिभेच्या मुळाशी उरतं. कडू निघालं तर तवसं गोठ्यात जातं आणि वाशावरचं दुसरं उतरतं. गोड निघालं तर गरातलं पिकलं बी राख चोळून वाळत पडतं, पुढच्या मृगासाठी.

रवा तुपात भाजायला घेतला की घराचा वास बदलतो. हे भाजणं घाईचं नव्हे. रवा रंगाने फार बदलत नाही, पण हलका होतो, उलथन्यावरून सुटा घरंगळतो. मग त्यात कीस आणि गूळ पडतो. गूळ विरघळला की मिश्रण सैल होतं आणि क्षणभर वाटतं की बिघडलं. ढवळत राहिलं की कणी पाणी पिते, फुगते, टोपाची कड सोडू लागते. इथवर तो गोड सांजाच असतो. त्याचं धोंडस होतं ते यानंतर.

जाड बुडाच्या टोपाला तुपाचा हात फिरतो, मिश्रण थापलं जातं, वर सपाट केलं जातं. टोप चुलीवरून वैलावर सरकतो, जिथे आच मंद असते. वर खोलगट झाकणी येते. मग चुलीतले निखारे चिमट्याने एकेक उचलून त्या झाकणीवर रचले जातात. करवंट्यांचे निखारे असले तर उत्तम, कारण करवंटी धूर कमी करते आणि धग धरून ठेवते. वर निखारा, खाली निखारा, मध्ये गूळ आणि तवसं.

आता उघडायचं नाही.

"आजये, झाला काय गो?"

"खय! अजून वास सुटाक नाय."

या एका उत्तरात घड्याळही आहे आणि तापमापकही. गूळ करपण्याच्या अगदी अलीकडच्या क्षणी एक खमंग, किंचित कडसर वास झाकणीच्या फटीतून बाहेर येतो, आणि चुलीपुढे बसलेल्या बाईला तो ओसरीवरच्या पोरांच्या आधी लागतो. ती वरचे निखारे बाजूला सारते, झाकणी तिरकी करून बघते, बहुधा परत ठेवते.

या वरच्या निखाऱ्याचं काम समजून घेण्यासारखं आहे. वाफेवर पदार्थ कितीही वेळ ठेवला तरी त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपासच राहतो. मोदक, सांदण, खांडवी मऊ होतात, पांढरी-पिवळी राहतात. पदार्थ तांबूस व्हायला, त्याला खरपूस वास यायला पृष्ठभाग कोरडा पडून साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो. खालून ते सोपं, टोपाचं बूड तापलेलंच असतं. वरून ते करायचं तर डोक्यावर आग ठेवण्याशिवाय इलाज नाही. विस्तवाची पेटी नसलेल्या घराने झाकणाचीच भट्टी केली. मराठी स्वयंपाकघरात भाजून फुगवण्याची विद्या केकच्या साच्याबरोबर आली, असा समज आजही सर्रास आढळतो. तो खोटा आहे, आणि धोंडसाची तांबूस साय बघितली की कळतं किती खोटा.

ही युक्ती फक्त कोकणच्या खेड्याची नव्हे. मुंबईच्या पाठारे प्रभूंचं भानोलं असंच होतं: चिरलेला कोबी, कोळंबी, डाळीचं पीठ, तेल, वर-खाली विस्तव, आणि सुरीने कापावी अशी खमंग वडी. त्याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र' 1910 साली आलं, तेव्हाच्या घरांत निखारा हीच आच होती. गोव्याचं बेबिंक तर थरागणिक वरच्या धगीवरच उभं राहतं, एक थर तांबूस झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. विदर्भात रोडगे चक्क गोवऱ्यांच्या आरात पुरतात. थंडी पडली की शेतात हा बेत होतो. राख झटकायची, रोडगा मुठीने फोडायचा, तुपात बुडवायचा. तिथे झाकण-टोपाचाही प्रपंच नाही.

आश्विनात कोकणातलं हळवं भात कापणीला येतं, गरवं अजून उभं असतं. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, आंब्याचं पान एकत्र बांधून दारावर 'नवं' लागतं. नव्या तांदळाची खीर होते. नवा तांदूळ मऊ, चिकट, पाणी कमी मागतो. वर्षभर जुन्या तांदळाच्या मापावर बसलेला हात पहिल्या दिवशी चुकतो आणि भाताचा गोळा होतो. त्या गोळ्यावर कुणी रागावत नाही. त्यावर ताजं तूप आणि मेतकूट घेतलं की सगळं घर मुकाट्याने जेवतं.

शहरात पुढे झाकणीवर निखारे ठेवायला चूल राहिली नाही. तिथे गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती.

पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-सांगलीच्या जुन्या वस्त्यांत दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस बेकरीपुढे एक वेगळीच रांग लागायची. लोक पाव घ्यायला नव्हे, नानकटाई भाजून घ्यायला यायचे. पीठ, तूप, साखर घरची, आच बेकरीची, किलोवर मजुरी. हातात पितळी डबे, स्टीलचे डबे, वर झाकलेले पंचे. आईबरोबर एखादं मूल असायचंच, कारण डब्यांवर नजर ठेवायला कुणीतरी लागायचं आणि ते काम त्याला घरच्या कुठल्याही कामापेक्षा प्यारं असायचं.

खरं काम घरी झालेलं असे. परातीत घट्ट तूप घेऊन तळहाताने फेटायचं, गोल, एकाच दिशेने, खांदा भरून येईपर्यंत. तुपात हवा शिरते आणि ते पांढरंशुभ्र, हलकं होतं. मग पिठीसाखर, मग मैदा, थोडा रवा, थोडं बेसन, वेलची, किंचित सोडा. पाण्याचा थेंब नाही, अंडं नाही. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसतं, त्यामुळे पीठ चिवट होऊ शकत नाही. शंकरपाळ्याला मोहन घालणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. नानकटाईचा उगम सुरतेच्या डच वखारीतल्या भट्टीशी आणि ती पुढे चालवणाऱ्या पारशी बेकरीवाल्याशी जोडला जातो. महाराष्ट्राने मात्र तिला लाडू-करंजीच्या पंक्तीत नेऊन बसवलं.

बेकरीत काळेभोर पत्रे मिळायचे. ओट्यावर, नाहीतर फुटपाथवरच बैठक मारून बायका गोळे वळायच्या, मध्ये अंगठ्याने दाबायच्या, तिथे चारोळी किंवा पिस्त्याचा काप बसवायच्या. शेजारणीचे गोळे मोठे की लहान, तूप साजूक की डालडा, हे न विचारता कळायचं. पत्र्यात कोपऱ्याला नावाची चिठ्ठी जायची. भट्टीवाला लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर पत्रा घ्यायचा आणि एका झटक्यात आत, अगदी मागच्या भिंतीपर्यंत सारायचा. त्याच झटक्यात आधीचा पत्रा बाहेर.

नानकटाईची पाळी पावाच्या नंतर येई, आणि त्याला कारण होतं. लाकडं जळून गेल्यावर भट्टीच्या जाड विटा तासन्‌तास तापलेल्या राहतात. पहिली कडक धग पावाची. ती उतरू लागली, साधारण दीडशे-एकशे साठ अंशांवर आली, की मग नानकटाई. जास्त आचेत ती बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. उतरत्या आचेत सावकाश पसरते, वरचं कवच आधी सुकतं आणि आतला वायू त्याला तडा देऊन निघतो. तो तडा आला की भट्टीवाला मान हलवायचा. गरम नानकटाई मऊ असते, हात लावला तर भुगा होतो. ती निवेपर्यंत थांबणं, आणि मग अजून कोमट असलेले डबे छातीशी धरून घरी आणणं, ही मुलाची परीक्षा. वाटेत एखादी कमी व्हायची. आई मोजायची नाही.

1970 साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, वाटी-चमच्याच्या मापाने हजारो घरांत स्वयंपाक शिकवला गेला. त्याच सुमारास मध्यमवर्गीय ओट्यावर ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन दिसू लागला, झाकणाला काचेची छोटी खिडकी असलेला. ज्यांना तो परवडला नाही त्यांनी कढईत वाळू तापवून तिच्यावर डबा ठेवला, त्यावर झाकण. त्या गोल ओव्हनमध्ये विजेचं तापणारं वेटोळं कुठे होतं? झाकणात. आजीच्या झाकणीवरचा निखारा तारेचं रूप घेऊन परत त्याच जागी बसला होता. बनवणाऱ्यांच्या मनात धोंडस नसणार, तरी ज्या घरात ते होत होतं तिथे या यंत्राशी ओळख व्हायला वेळ लागला नाही.

आता जुन्या भट्ट्या विझत चालल्या आहेत. मुंबईच्या हवेचा प्रश्न समोर असताना 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराने छाती भरलेल्या शहरात हे व्हायलाच हवं होतं; भट्टीपुढे उभं राहून आयुष्य काढणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांचा विचार केला तर आधीच व्हायला हवं होतं. तरीही लाकडाच्या उतरत्या धगीची सर गॅसच्या ज्योतीला आणायची कशी, हे प्रत्येक बेकरीवाल्याला नव्याने शिकावं लागणार आहे. ज्या पदार्थाचा जीवच आचेच्या उतारात आहे, त्याला हा प्रश्न लहान नाही.

तिकडे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना ऑक्टोबरात दुकानादुकानांपुढे भोपळ्यांचे ढीग दिसतात. कोरून दारात ठेवायचा तो भोपळा निराळा, पाणचट. घारग्यांना तो चालत नाही. म्हणून मंडईत फिरून घट्ट, केशरी गराचा लांबट भोपळा शोधला जातो, किसून गुळात शिजवला जातो, त्यात मावेल तेवढी कणीक आणि तांदळाची पिठी. तवसं तिथे मिळत नाही. साध्या काकडीचा कीस घेऊन धोंडस करणाऱ्या घरांना तिचं जास्तीचं पाणी आधी आटवून घ्यावं लागतं.

आणि ओव्हन असतो, भिंतीत बसवलेला, मोठा. त्यात वरची आणि खालची, दोन्ही तारा लावायच्या, 180 अंश. पाऊण तासात धोंडस होतं. काचेतून सगळं दिसतं, दिवा लावला तर कडा तांबूस होतानाही दिसतात. मूल काचेला नाक लावून बसलेलं असतं. घंटी वाजते, आई दार किंचित उघडते, वाकून हुंगते, आणि दार पुन्हा लावून घेते.