टोफू आणि मोल्सवर्थ

तसा मी खाण्याच्या बाबतीत आग्रही माणूस नाही. पानात पडेल ते मुकाट्याने खातो. फक्त पानात काय पडावे याबद्दल माझी काही ठाम मते आहेत. पहिले मत साजूक तूप, दुसरे सायीचे दही. बाकीच्या मतांना लोणी लावून खायची माझी तयारी असते.

त्यामुळे गेल्या वर्षी आमची कन्या मनू बंगलोरहून आली आणि पहिल्याच जेवणाला तिने वरणभातावर हात आडवा धरला, तेव्हा तुपाची लोटी घेतलेला सौ.चा हात जसा हवेत थांबला तसा माझा घासही थांबला.

"तूप नको, आई. मी व्हिगन झालेय."

"अगंबाई! मग पगार किती वाढला?" सौ.ने विचारले.

व्हिगन म्हणजे बढती नव्हे, तर दूध, दही, ताक, तूप आणि पनीर यांच्यासकट प्राण्यापासून मिळणारे सारे वर्ज्य, हा खुलासा व्हायला पुढे पाऊण तास लागला. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात काही मंडळींनी काढला म्हणे. इंग्रज देश सोडून जाता जाता आमच्या तुपावर असा डोळा ठेवून गेला असेल याची मला कल्पना नव्हती. मनूने कारणेही सांगितली. ती मला खोडता आली नाहीत. मुलांची खोडता न येणारी कारणे बापाला फार लागतात.

सौ.ला नियमांचे वावडे नाही. चातुर्मासात ती कांदा-लसणाकडे ढुंकून पाहत नाही. शिवाय झुणका, थालीपीठ, मटकीची उसळ, भरली वांगी यांत दुधातुपाचा संबंध येतोच कुठे? पण मनूच्या वाढदिवसाला पनीरचा रस्सा करायचा, ही आमच्या घरातली वीस वर्षांची वहिवाट. त्यावर मनूने तोडगा काढला. पिशवीतून पाण्यात बुडवलेली एक पांढरी वडी काढून ती म्हणाली, "पनीरच्या जागी हा टोफू घाल. बाकी सगळं तेच."

बाकी सगळे तेच झाले. टोफूही तोच राहिला. रस्सा झणझणीत आणि त्यातला तुकडा दातांखाली आला की नुकताच अंघोळ करून आलेला खोडरबर! मनू म्हणाली, "छान झालंय, आई." आमच्या घरात चांगल्या पदार्थाला कुणी छान म्हणत नाही, ताट पुढे करतात. पुढच्या महिन्यात मनू आली ती स्वतःचा डबा घेऊन. जेवताना तो डबा टेबलावर होता आणि त्याच्याकडे न पाहण्यात आम्ही दोघे गुंतलो होतो. त्या रात्री सौ.ने आधीच लख्ख असलेला ओटा पुन्हा एकदा घासला. मी अंथरुणात पडून ते ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी मी टोफूचे प्रकरण हातात घेतले. मी ३६ वर्षे हिशेबतपासनीस म्हणून काढली आहेत. ताळेबंद जुळत नसेल तर चूक कुठे तरी असतेच, हा माझा धर्म आहे.

चूक पाण्यात होती. टोफू म्हणजे सोयाबीनचे दूध नासवून, त्याचा चोथा दाबून केलेली वडी. नासवायला लिंबाचा रस चालतो, तसे जिप्समही चालते. म्हणजे भिंतीला लावायचे ते माणसाच्या पोटाला! हान घराण्यातल्या लिऊ आन नावाच्या राजपुत्राने दोन हजार वर्षांपूर्वी तो शोधला, अशी चिनी आख्यायिका आहे. जपानी लोक त्यात सुती आणि रेशमी असे दोन प्रकार करतात. हे मी सौ.ला सांगितले तेव्हा तिने प्रथमच टोफूत रस दाखवला, पण पदर कसा आहे एवढेच विचारून ती गप्प झाली. आपल्या कामाचा तो सुती, म्हणजे घट्ट. तोसुद्धा निम्म्याहून कितीतरी अधिक पाणीच असतो. भरलेल्या बादलीत आणखी काय भरणार? आधी त्याचे पाणी काढायला हवे.

मी वडी जुन्या पंच्यात गुंडाळली, तिरक्या पोळपाटावर ठेवली आणि वर वरवंटा ठेवला. वरवंटा गोल असतो ही गोष्ट त्याने माझ्या पायावर पडून सिद्ध केली. मग मी कपाटातून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढला. दुसरी आवृत्ती १८५७ची, माझ्याकडचे पुनर्मुद्रण, पाने नऊशेच्या वर. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून अर्धा तास ठेवला. वाटीभर पाणी निघाले! मराठी भाषेच्या वजनाचा एवढा रोकडा पुरावा मी पूर्वी पाहिला नव्हता. मोह होऊन वर आणखी दोन जाडजूड ग्रंथ चढवले, तेव्हा मात्र वडीचा भुगा झाला.

भुगा वाया घालवणे हिशेबतपासनिसाला शक्य नसते. कांदा, मिरची, हळद घालून मी त्याची भुर्जी केली आणि कुठेसे वाचले होते म्हणून शेवटी चिमूटभर पादेलोण भुरभुरले. या मिठाला गंधकाचा वास असतो, आणि गंधकाचा वास म्हणजे थेट अंड्याचा! सौ. देवघरातून धावत आली. वरच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायच्या निमित्ताने कढईत डोकावून गेल्या. तीस वर्षांची आमची कीर्ती पादेलोणाच्या एका चिमटीने धोक्यात आली.

त्यानंतर तीन आठवडे माझे प्रयोग चालू होते. तेलात कालवलेला मसाला रात्रभर चोपडून पाहिला, तो नुसताच अंगाबाहेर राहिला. तेलाला पाण्याच्या घरात प्रवेश नसतो. तुकडे मिठाच्या कढत पाण्यात पंधरा मिनिटे ठेवले, ते मात्र आतपर्यंत खारवले. मग कोरडे करून, तांदळाची पिठी लावून तापल्या तव्यावर परतले तर कडा कुरकुरीत झाल्या. एकदा वडी बर्फाच्या कप्प्यात विसरलो. ती पिवळीधमक पडली, पण वितळल्यावर पुन्हा पांढरी झाली आणि स्पंजासारखी सच्छिद्र. पिळली की पाणी सोडायची, रश्शात टाकली की रस्सा प्यायची. जपानात कोया पर्वतावरच्या मठांच्या नावाने असा गोठवून वाळवलेला टोफू ओळखला जातो, हे नंतर कळले. ते साधू माझ्याइतकेच विसरभोळे असावेत.

या सगळ्या काळात सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फक्त एकच वाक्य म्हणायची, "चालू द्या."

मनूच्या वाढदिवशी सकाळी मी गोठवलेली वडी वितळवून ओट्याशी उभा राहिलो. ती दोन तळव्यांत धरून हलकेच दाबणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"सरका बघू. असं पिळतात का कुठे?"

धुतलेले लुगडे पिळणाऱ्या हातांनी तिने ती वडी न मोडता कोरडी केली. तुकडे मीठपाण्यातून काढले, तव्यावर परतले. मग तिने माझ्या एकाही टिपणाकडे न पाहता हिंग-कढीपत्त्याची फोडणी दिली, तीत दाण्याचे कूट, चिंच, गूळ आणि घरचा गोडा मसाला घातला. भरल्या वांग्यांचाच तो मसाला. तुकडे त्यात सोडले आणि झाकण ठेवले.

"अहो, याला स्वतःची चव नाही ते बरंच आहे," ती म्हणाली. "माझी तरी घेईल."

मनू जेवायला बसली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. छान झालंय असे काही ती म्हणाली नाही. तिने नुसते ताट पुढे केले. डबा पिशवीतच राहिला.

भात वाढताना सवयीने सौ.चा हात लोटीकडे गेला. मनूच्या पानाशी तो क्षणभर थांबला, वळला आणि तिच्या वाटणीचेही तूप माझ्या भातावर पडले. डॉक्टरांनी मला तुपाला हात आडवा धरायला सांगितले आहे. पण त्या दिवशी मला तो धरवला नाही.