सोसेल एवढाच उजेड

आम्ही दोघं भाऊ. थोरला लाईट धरायचा, धाकटा वायर. १९८७ पासून पुढची तीन-चार वर्षं मिरजेत आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी निकाह झाले आणि त्यांची व्हिडिओ कॅसेट निघाली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आम्हाला पाहिलं असेल. लक्षात मात्र ठेवलं नसेल. कॅमेऱ्यामागून चालणाऱ्या पोरांकडे कोण बघतो? लोक लाईटकडे बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. त्या कॅसेटींत अर्धा मोहल्ला डोळे मिटलेला आहे.

अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली, दहा बाय अकराची. मागे पडद्यावर रंगवलेला बगीचा, शेजारी लाकडी खुर्ची आणि कोपऱ्यात कंगवा-पावडर ठेवलेला आरसा. व्हिडिओचं वेड आलं तेव्हा अब्बांनी कर्ज काढून व्हीएचएसचा, खांद्यावर घ्यायचा कॅमेरा आणला. त्या काळच्या कॅमेऱ्याला उजेड फार लागायचा. म्हणून हजार वॅटची हॅलोजनची नळी, पत्र्याच्या डब्यात बसवलेली, मागे धरायला मूठ. सगळे तिला सनगन म्हणत. एकटीच चार अँपिअरच्या वर करंट खायची. मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगला ते सोसायचं नाही आणि ऐन कबूलनाम्याच्या वेळी फ्यूज उडायचा. मग सगळे अब्बांकडे असे बघायचे, जसं काही निकाह त्यांनीच अडवून धरलाय.

मर्दान्यात अब्बा असत. जनान्यात पुरुषानं कॅमेरा घेऊन जायचं कसं? पहिल्या दोन-तीन लग्नांत बायकांचं चित्रण झालंच नाही, आणि मुलीकडच्यांनी पैसे कापून घेतले. तेव्हा अम्मा शिकली. सातवीपर्यंत शाळा झालेली आमची अम्मा, पदर खोचून, जड कॅमेरा उजव्या खांद्यावर घेऊन जनान्यात उभी राहिली. आम्ही लहान होतो म्हणून आम्हाला आत सोडायचे. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा सात.

अम्माचा एक नियम होता. आत शिरताना लाईट जमिनीकडे. समोरच्या बाईला आधी विचारायचं, “लेऊं क्या, आपा?” कोणी पदर तोंडावर ओढला की लाईट भिंतीकडे फिरवायची. “जिसकू नै होना, उसपर उजाला नै मारना,” असं ती आम्हाला बजावायची. एकदा थोरल्यानं गंमत म्हणून एका म्हातारीच्या तोंडावर लाईट मारली. घरी आल्यावर अम्मानं तीच लाईट पेटवून थोरल्याच्या तोंडासमोर धरली आणि दहा आकडे मोजले. पुन्हा गंमत केली नाही.

१९८९ सालची गोष्ट. मेंदीची रात्र होती. नळी गेली म्हणून नवी बसवायची होती. हॅलोजनच्या नळीला उघडं बोट लावायचं नसतं. बोटाचं तेल काचेवर राहतं, नळी तापली की ती जागा जास्त तापते आणि काच फुटते. अब्बांनी हे दहा वेळा सांगितलं होतं. नळी रुमालात धरायची. पण थोरला नुकताच जेवून उठला होता, हाताला रस्सा तसाच. रुमाल कुठं शोधायचा? डब्यापुढची संरक्षक काचही आधीच फुटलेली होती. ती बदलायचं काम पुढच्या महिन्यावर, मग त्याच्या पुढच्या महिन्यावर चाललेलं. अर्ध्या तासात नळी फुटली. लाल तापलेले तुकडे दुल्हनच्या मांडीकडे उडाले, आणि अम्मानं डावा हात मध्ये घातला. कॅमेरा खांद्यावरून खाली येऊ दिला नाही. मनगटावर रुपयाएवढा डाग अजून आहे. रात्री अब्बांनी विचारलं, नळी कुणी बसवली? अम्मा म्हणाली, “मैं च डाली.”

पुढच्या वर्षी थोरला बारा वर्षांचा झाला आणि जनान्याच्या दाराशी त्याला थांबवलं. लाईट फुफूकडे गेली.

अब्बा २०१४ मध्ये गेले. स्टुडिओ त्याआधीच बंद पडल्यासारखा होता, कारण फोटो काढायला लोकांच्या खिशातच मोबाईल आले होते. गेल्या वर्षी आम्ही नातेवाइकांकडून जुन्या कॅसेटी गोळा केल्या. काहींना बुरशी धरली होती. जेवढ्या वाचल्या तेवढ्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि तीन रात्री बसून बघितल्या. फुफू आहे, खाला आहेत, गेलेली माणसं आहेत. अब्बाही एका ठिकाणी आरशात दिसतात. अम्मा कुठंच नाही. फक्त तिचा आवाज येतो, “लाईट ऊपर ले रे.”

ती आता शहात्तर वर्षांची आहे. बंद स्टुडिओ झाडून-पुसून तिथं तिला बसवायचं, तिच्या तोंडून सगळं ऐकायचं आणि टिपून ठेवायचं, असं आम्ही ठरवलं. कॅमेऱ्याची अडचण नव्हती, आजचा चांगला मोबाईल तेवढं काम करतो. माईक थोरल्याच्या मुलीनं आणला. प्रश्न लाईटचा. आम्हा दोघांना वाटलं होतं, एवढं तरी आम्हाला कळतं. कळत नव्हतं.

आधी आम्ही गोल लाईट आणली, मोबाईलवाली पोरं वापरतात ती. अम्माच्या चष्म्यात दोन पांढऱ्या बांगड्या उमटल्या. डोळे गायब. तिनं स्वतःला मोबाईलवर पाहिलं आणि म्हणाली, “मैं जिन दिखरी.” उजेड कॅमेऱ्याच्या भोवतीनंच येत असला की चष्म्याच्या काचेत तो दिसणारच. लाईट बाजूला आणि डोक्याच्या थोडी वर हवी, म्हणजे काचेवरून परतणारा उजेड कॅमेऱ्यात न येता खाली जातो.

मग बारक्या बारक्या एलईडींचा एक स्वस्त चौकोन आणला. बाजूला, उंचावर धरला. चष्मा सुटला, पण चेहरा राखेसारखा झाला. नुकतीच नातीनं तिच्या हाताला मेंदी लावली होती, ती चिखलासारखी दिसू लागली. खोक्यावर लिहिलं होतं, सीआरआय ८०. हा आकडा म्हणजे दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा गुण, पैकीच्या पैकी १००. पण तो काढतात आठ फिकट रंगांची सरासरी घेऊन. गडद लाल रंग त्यात धरतच नाहीत, त्याचा आर-नाईन नावाचा वेगळा आकडा असतो. आपली कातडी सावळी असो की गोरी, तिच्यात रक्ताचा लाल रंग आहेच. तो लाल जिथं उणा पडतो तिथं जिवंत माणूस आजारी दिसतो. तेव्हापासून आमचा नियम झाला. सीआरआय ९५ च्या पुढचा, आणि आर-नाईन लिहिलेलाच नसेल तर तो दिवा परत ठेवायचा. जुन्या हॅलोजनचं एक कबूल केलं पाहिजे. जाळायची, पण तिच्या उजेडात मेंदी मेंदीसारखी दिसायची.

शेवटी पुण्याला गेलो. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत फिरलो, मग दोन-तीन कॅमेऱ्याची दुकानं. एका दुकानदारानं मोठी, एकाच जाड एलईडीची लाईट दाखवली. झगझगीत. तो कौतुकानं म्हणाला, “साहेब, हॉल उजळून निघेल.” आमची खोली दहा बाय अकराची! त्यात त्या लाईटला पंखा होता. दुकानाच्या गोंगाटात तो ऐकू येत नव्हता, म्हणून थोरल्यानं कान लावला. अम्माचा आवाज आता बारीक झालाय. बंद खोलीत माईकनं आधी तो पंखाच ऐकला असता.

छोट्या खोलीचं गणित वेगळं असतं, हे आम्हाला तिथं उभ्या उभ्या कळलं. दिवा तीन फुटांवरून सहा फुटांवर नेला की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. उलटही खरं. दिवा जवळ आणला की लहान दिवाही पुरतो. मग जास्तीच्या ताकदीला पैसे का मोजायचे? ते आकाराला मोजावेत. चेहऱ्याच्या मानानं दिवा जेवढा रुंद, तेवढी सावली मऊ. सुरकुत्या काळ्या रेघांसारख्या कोरल्या जात नाहीत आणि डोळ्याला एका जागी टोचत नाही.

हे टोचणंच आम्हाला टाळायचं होतं. अम्माच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, डाव्याचा बाकी आहे. ढगाळलेल्या भिंगात उजेड शिरला की तो पसरतो आणि समोर धुरळा होतो. आणि आणखी एक गंमत. ती एक डोळा मिटून बघते, मग दुसरा, आणि म्हणते, “इस आँख से चद्दर सफेद, इस आँख से पीली.” जुनं भिंग पिवळट झालेलं असतं, नवं स्वच्छ. एकाच बाईच्या दोन डोळ्यांत दोन दिवे! दिव्याचा पिवळेपणा-पांढरेपणा केल्व्हिनमध्ये मोजतात, हॅलोजन ३२०० च्या आसपास, दुपारचा उजेड ५५०० च्या. दोन्हींमध्ये हवा तसा फिरवता येणारा दिवा आम्ही घेतला. कॅमेऱ्याला खिडकीशी जुळेल तो रंग बरा वाटतो. अम्माला पिवळ्याकडचा बरा वाटतो. आम्ही पिवळ्याकडचा ठेवतो आणि खिडकीला पडदा लावतो.

वायरीवरून मात्र आमचं भांडण झालं. थोरला म्हणाला, प्लगवरचा घेऊ, स्वस्त पडेल. धाकट्यानं ऐकलं नाही. लग्नांत लोक वायरीत अडखळायचे तेव्हा शिव्या कुणी खाल्ल्या होत्या? शिवाय अम्मा काही स्टुडिओच्या खुर्चीवर ठाण मांडून बसणार नव्हती. तिचं बोलणं सुरू होतं ते लसूण सोलताना, नाहीतर असरच्या नमाजनंतर मागच्या ओसरीवर. दिव्यानंच तिच्याकडे जायला हवं. म्हणून बॅटरीवर चालणारा घेतला. एनपी-एफ नावाची बॅटरी, मुळात सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी आलेली, आता बऱ्याच लाईटींना चालते. मोठी ६६०० एमएएचची, म्हणजे साधारण ४८ वॅट-अवर. आमचा दिवा ३० वॅटचा, पूर्ण जोरात दीड तास. आम्ही पाव जोरातच लावतो. हजार वॅटपासून इथवर आलो.

घेण्याआधी दुकानात दोन गोष्टी केल्या. दिवा अगदी मंद करून मोबाईलमधून पाहिलं. काही दिवे मंद होताना खरं तर भराभर विझत-पेटत असतात, डोळ्याला कळत नाही पण चित्रात पट्टे सरकतात. आणि अर्धा तास चालू ठेवून पाठीला हात लावून पाहिला. दुकानदार कंटाळला. कोमट होता, बस.

घरी आल्यावर एक चूक केलीच. उजेड आणखी मऊ व्हावा म्हणून दिवा भिंतीकडे फिरवला. भिंतीला खाली अब्बांच्या काळचा हिरवा ऑइलपेंट. अम्मा हिरवी झाली. मग भिंतीवर पांढरी चादर टांगली.

पहिल्या दिवशी दिवा जमिनीकडे तोंड करून आत नेला. थोरल्यानं विचारलं, “लेऊं क्या, अम्मा?” ती हसली. मग तवा तापलाय का बघावं तसा डावा तळहात दिव्यासमोर धरला, तोच डागाचा हात. “गरम नै?” नाही म्हटलं. शून्यापासून हळूहळू वाढवत नेला. ती म्हणाली तिथं थांबलो.

त्या दिवशी ती कॅमेऱ्याबद्दल बोलली, कर्जाबद्दल बोलली, जनान्यातल्या गमती सांगितल्या. शेवटी थोरल्यानं छत्तीस वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं, की ती नळी त्यानं उघड्या हातानं बसवली होती. अम्मानं वळूनही पाहिलं नाही. “मालूम है. नळीकू सालन की बास आती थी.” आणि लगेच पुढची गोष्ट सुरू केली, दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची.

दुसऱ्या दिवशी मेंदीच्या रातीची गाणी घ्यायची होती. तिला अजून पुष्कळ येतात. दिवा लावला, माईक लावला. अम्मानं विचारलं, “किसकू दिखानेवाले?” धाकट्याच्या मनात इंटरनेटवर टाकायचं होतं. तो चाचरला. तिनं ओळखलं. “ये औरतां के गाने हैं. नातियां देखे तो चलेगा. तुम दोनों भार जाव.”

थोरल्याच्या मुलीच्या हातात दिवा देऊन आम्ही बाहेर आलो. दार लागलं. दाराखालच्या फटीतून तेवढा पिवळा उजेड येत होता. आत ढोलकीऐवजी पातेल्यावर थाप पडली. गाणं सुरू झालं, आमच्यापर्यंत शब्द पोचत नव्हते, हसणं पोचत होतं. तासाभरानं नातीनं दार किलकिलं केलं आणि बॅटरी संपत आलीये, दुसरी द्या म्हणाली. धाकट्यानं आत हात घालून दिली. तो दार लावेपर्यंत गाणं थांबलेलं होतं.