आधी काय, मग काय

आयटीआयची वार्षिक परीक्षा बहुधा ऐन पावसात येते. भिंती ओल धरतात, लाकडी बोर्ड फुगतो, स्क्रू फिरवता फिरत नाही, आणि अशातच वीजतंत्री ट्रेडची पोरं प्रॅक्टिकलच्या तयारीला लागतात. माझा भाचा यंदा दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी आमच्या पडवीत येतो, भिंतीला टेकवलेल्या प्लायवर होल्डर, स्विच, जंक्शन बॉक्स मांडतो आणि एकेक जॉब बांधतो, खोलतो, पुन्हा बांधतो. "दादा, जरा नजर ठेव त्याच्यावर," एवढं सांगून बहीण मोकळी झाली आहे.

मी जन्मभर वायरमनचं काम केलं, पण दुसऱ्याच्या लायसनखाली. नव्या घराला मीटर घ्यायचं तर टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यावर सही कंत्राटदाराची असते, भिंतीतल्या तारा मात्र माझ्या. त्यामुळे परीक्षा नावाची चीज मी आत्ता, भाच्याशेजारी पाट टाकून बसल्यावर, जवळून बघतो आहे. थिअरीचा पेपर संगणकावर, चारातला एक पर्याय निवडायचा. तो पोरगा बसमध्ये मोबाइलवरसुद्धा घोकतो. ओहमचा नियम १८२७ मधल्या पुस्तकातला, हे त्यानंच मला सांगितलं. त्या ओहमचे वडील कुलुपं बनवणारे कारागीर होते आणि पोराला गणित त्यांनीच शिकवलं, हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं. पण प्रॅक्टिकलची तयारी पाहताना वाटतं, ही सगळी परीक्षा मुळात एकाच प्रश्नाची आहे. आधी काय, मग काय?

तार सोलायचंच घ्या. दीड स्क्वेअर एमएमची लाल वायर. घाईत असलेला हात चाकूचं पातं तारेभोवती गोल फिरवतो. इन्सुलेशन झकास सुटतं, पण खालच्या तांब्यावर केसाएवढी चीर उमटते. ती लगेच काही बोलत नाही. जोड बसतो, दिवा लागतो, आणि पुढे कधीतरी बोर्ड खोलून वायर वाकवली की तिथेच तुटते. म्हणून पातं तिरकं, जवळजवळ आडवं धरायचं, अंगापासून लांब ढकलायचं, पातळ ढलपी काढत जायचं. तांबं दिसलं की थांबायचं. उजेडाकडे धरून बघायचं आणि मगच पिळायला घ्यायचं. परीक्षकाला चालू दिवा दिसेल, चीर दिसेलच असं नाही. पण भाच्याचे सर म्हणे जोडावरची टेप उलगडून बघतात. असे सर सगळ्यांना मिळोत.

मग जिन्याचं वायरिंग. दोन टू-वे स्विच, एक दिवा, खालून लावा, वरून घालवा. व्हायवात हमखास विचारतात. दिवा लागला म्हणजे जॉब झाला असं नवख्याला वाटतं. पण फेज स्विचमधून गेली आहे की न्यूट्रल, यावर सगळं अवलंबून. न्यूट्रल स्विचमधून नेली तरी दिवा तितकाच छान लागतो आणि विझतो. फक्त विझल्यावरसुद्धा होल्डरमध्ये फेज जागी असते. स्विच बंद आहे म्हणून कोणी स्टुलावर चढून बल्ब बदलायला जातो आणि फेकला जातो. म्हणून "फेज स्विचला, न्यूट्रल दिव्याला" हे भाचा पुटपुटतच बोर्ड बांधतो. मी त्याला थांबवत नाही.

पावसानं एक धडा फुकट शिकवला. भाच्यानं कुणाचा तरी जुना, हातानं फिरवायचा मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, मागून आणला होता. या यंत्राचा काटा हँडल स्थिर असताना कुठेही पडलेला असतो, त्याला जागेवर आणणारी स्प्रिंगच नसते. मेन बंद केला, बल्ब काढले, मेगरच्या दोन तारा फेज-न्यूट्रलला लावल्या आणि त्यानं हँडल फिरवायला घेतलं. आत ५०० व्होल्ट तयार होतात. वेग बसला तसा काटा अनंताकडे सरकला, थोडा अलीकडे थांबला. ठीक होतं, निदान एक मेगोहम हवा, तो कितीतरी मागे राहिला होता. मग मी त्याला न्हाणीघराच्या भिंतीतल्या जुन्या लाइनवर लावायला सांगितलं. काटा अनंताच्या जवळपासही फिरकेना. "मामा, मे महिन्यात हाच चांगला दाखवला असता ना?" "दाखवला असता. म्हणून तर आत्ता बघायचं."

विजेच्या कामात जागोजागी हा क्रम कुणीतरी आधीच विचार करून घालून ठेवलेला आहे. तीन पिनांचा प्लग हातात घेऊन पाहा. वरची अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग घालताना तीच आधी टेकते, काढताना तीच शेवटी सुटते. बंद केलेल्या लाइनवर चढणारा लाइनमन डिस्चार्ज रॉड लावतो, तेव्हा त्याची एक बाजू आधी जमिनीच्या अर्थला बांधतो, मग वरच्या तारेला अडकवतो. काढताना बरोबर उलटं. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये मोटर आधी स्टारवर सुरू होते, लाइनमधून डेल्टाच्या एक-तृतीयांशच करंट ओढते, वेग आला की डेल्टावर जाते. दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी बसले तर थेट शॉर्ट, म्हणून त्यांच्यात इंटरलॉक असतो. टेस्टरचंही तेच. आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो पेटतो का ते बघायचं, मग बंद केलेल्या ठिकाणी तपासायचं, आणि परत एकदा चालूवर. नाहीतर मेलेला टेस्टर जिवंत तारेला मेलेली म्हणेल.

आपल्याकडे पंगतीत पानावर सगळ्यात आधी मीठ वाढतात. जेवून उठल्यावर मिठाची तारीफ कोणी करत नाही, जिलबीची करतात. अर्थिंगचं तसंच आहे. ६० बाय ६० सेंटिमीटरची, ३.१५ मिलिमीटर जाडीची तांब्याची पत्री खोल खड्ड्यात उभी पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर देतात, वर पाणी घालायला नळी ठेवतात. घर बांधून झालं की त्या खड्ड्यावर तुळशीची कुंडी येते आणि विषय संपतो. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं हे किती घरमालकांना ठाऊक असेल?

पण या क्रमाची खरी परीक्षा कुठल्याच जॉबमध्ये होत नाही. ती शॉक बसलेल्या माणसासमोर होते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी सबस्टेशनात, कारखान्यात प्रथमोपचाराचा तक्ता लावायला सांगितलं होतं, इंग्रजी किंवा हिंदीत आणि शिवाय स्थानिक भाषेत. जुन्या तक्त्यांवर पालथ्या माणसाच्या पाठीवर दाब देणारी शेफरची पद्धत चितारलेली असे, आता सीपीआर शिकवतात. श्वास देण्याच्या रीती बदलल्या, पहिली पायरी मात्र तीच राहिली. आधी वीज तोडा. माणसाला हात नंतर. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या काठीनं त्याला तारेपासून सोडवा.

हे घोकायला सोपं आणि करायला महाकठीण आहे, कारण माया आधी धावते. पावसाळ्यात पत्र्याच्या घराला बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या तारेत करंट उतरतो. ओला शर्ट टाकायला गेलेली बाई चिकटते. तिला ओढायला नवरा धावतो, त्याला ओढायला पोरगं. दरवर्षी पेपरात अशी बातमी येते. त्यात कोणाचंच काही चुकलेलं नसतं, फक्त क्रम उलटलेला असतो. साठ वॉटचा साधा बल्ब साधारण २६० मिलिअँपिअर करंट घेतो. गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटावी अशी बनवतात, कारण त्याच्या पुढे माणसाच्या काळजाचा भरवसा देता येत नाही. म्हणजे एका बल्बाच्या उजेडात कितीतरी मरणं मावतात.

परवा मी भाच्याला विचारलं, "समज, आत्ता मीच इथं बोर्डाला चिकटलो, तर?" तो चटकन उठला, माझ्याकडे आला नाही. दाराशेजारच्या एमसीबीपाशी गेला, हात वर नेला आणि मग वळून माझ्याकडे बघून हसला. बहीण आतून ओरडली, "असलं अभद्र काय विचारतोस रे?" पण मला वाटतं, दोन वर्षांच्या शिक्षणाचं सार त्या तीन पावलांत होतं. माणसाकडे न धावता आधी स्विचकडे जाणं, हे शिकवावंच लागतं, ते उपजत नसतं. परीक्षेची सगळी घोकंपट्टी, टेप उलगडून बघणारे सर, पुन्हा पुन्हा खोललेला बोर्ड, हे सारं त्या तीन पावलांसाठी आहे.

पोरगा पास होईल, सर्टिफिकेट येईल, अॅप्रेंटिसला जाईल. पण हा पहिला धडा फक्त वीजतंत्र्यांच्या उपयोगाचा नाही. कपड्यांची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा, आणि मेन स्विच कुठे आहे, तो कसा पाडायचा, हे घरातल्या आजीपासून नातवंडापर्यंत सगळ्यांना आजच दाखवून ठेवा.