आडव्या दाढेचा फोटो

सोमवार, ६ जानेवारी २०२५
निपाणीच्या मावशी आल्या, सोबत मुलगा. "रातभर ठणकतीया बघा, डॉक्टर." उजवा गाल सुजलेला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय. जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. मिश्री आहेच, वर कातरलेली सुपारी. गालात बोट फिरवलं तर ताठ पट्टे लागले. अक्कलदाढ काढताना हत्यार आत शिरणार कुठून, हे कुठल्याही एक्स-रेत दिसत नाही. ते बोटांनीच मोजावं लागतं. सूज उतरायला औषध दिलं आणि ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढून आणायला सांगितलं.

गुरुवार, ९ जानेवारी
फोटो आला. डाव्या कानातली कुडी काढायची राहिली होती. तिची धूसर सावली उजव्या बाजूला, वरच्या जबड्यावर पडलीय. ओपीजीत धातूचं भूत असंच समोरच्या बाजूला आणि जरा वर उमटतं. खालच्या दाढेला त्याची अडचण नाही, तेव्हा मावशींना पुन्हा मशीनसमोर उभं केलं नाही.

दाढ पुढे कललेली, मुळं थेट नसेच्या नळीवर. फोटोत नस दिसत नाही, दिसते ती नळी: दोन पांढऱ्या रेघा, मध्ये काळसर पट्टा. मुळाखाली वरची रेघ तुटलीय, आणि मुळावरूनच एक काळा पट्टा आडवा गेलाय. रूड आणि शेहाब यांनी १९९० मध्ये अशा सात खुणा तपासल्या. मूळ काळवंडणं, रेघ तुटणं आणि नळीनं वळसा घेणं या तिघींचा नसेच्या इजेशी संबंध त्यांना सर्वांत ठळक दिसला. इथं पहिल्या दोन हजर आहेत. खूण दिसली म्हणजे नस दुखावेलच असं नाही, पण आता नुसत्या सपाट सावलीवर भागणार नाही. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, सांगितली.

शुक्रवार, १० जानेवारी
कडोलीचा कॉलेजचा पोरगा. मुळं अर्धीच तयार, नसेची नळी त्यांच्यापासून दूर. दाढ चटकन निघाली.
आमच्या शहरातल्या दोन्ही डेंटल कॉलेजांत पोरं विंटरच्या तीन रेघा घोकतात. तांबडी रेघ पाच मिलिमीटरच्या वर गेली की दाढ अवघड. रेघा १९२६ च्या, छोट्या फिल्मसाठीच्या. ओपीजीत सगळं खऱ्यापेक्षा मोठं उमटतं, तिथं पट्टी लावून मिलिमीटर मोजण्यात अर्थ नाही.

सोमवार, १३ जानेवारी
भोगी. तरी मायलेक सीबीसीटी घेऊन हजर. नळी जिभेच्या बाजूला, मूळ आणि हाड यांच्यामध्ये चेपलेली. मुळाला लागून हाडाचा पडदाच नाही.
"वरचा भाग कापून काढतो, मुळं आत ठेवतो," म्हटलं.
मुलगा म्हणाला, "मग दाढ काढली असं कसं म्हणायचं, सर?"
रास्त प्रश्न. त्याला सांगितलं, ही नस ओठ हलवत नाही, ओठाला जाणीव देते. दुखावली तर ओठ वाकडा होत नाही. चहा हनुवटीवर ओघळतो आणि पुसायचं सुचत नाही. बहुतेकांची जाणीव परत येते, काहींची येत नाही. जिभेची नस वेगळी, ती या फोटोंत दिसत नाही. तिथं हात जपून चालवणं एवढंच आपल्या हातात. सगळं संमतीपत्रावर मराठीत लिहिलं. दाढ काढल्यावर हे सांगायला गेलं की ती सबब वाटते.
मावशींची काळजी निराळीच: "मिश्री कधी लावायची मग?"
सुपारीसकट बंद, म्हटलं. त्यांनी मुलाकडं पाहिलं.

सोमवार, २० जानेवारी
सूज गेलीय, तोंड अडीच बोटं. माथा कापून काढला, मुळं हाडाच्या पातळीखाली घासून घेतली, टाके घातले. मुळं हलली असती तर तीही काढावी लागली असती, हलली नाहीत.

मंगळवार, २१ जानेवारी
भूल उतरलेली. डोळे मिटायला सांगून ओठावर कापसाचं टोक फिरवलं. दोन्ही बाजूंना बरोबर ओळखलं. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. ठेवलेली मुळं बऱ्याचदा हळूहळू वर, नसेपासून दूर सरकतात. तेव्हा काढायची वेळ आलीच तर धोका कमी. तोवर तोंड उघडण्याचा व्यायाम लिहून दिलाय, आणि कुड्या घरी ठेवून यायचं मुलाला बजावलंय.