पैशाचे वय

स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' (1925) या कादंबरीची चर्चा आपल्याकडे बहुधा अमेरिकन स्वप्नाच्या भंगापाशी येऊन थांबते. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर राहणाऱ्या, इंग्रजीच्या एका निवृत्त प्राध्यापकांना मात्र अलीकडच्या वाचनात अडवले ते तिच्यातील एका मौनाने. गॅट्सबीचा पैसा चोरट्या दारूचा आहे, हे डेझीचा नवरा टॉम ब्यूकॅनन शोधून काढतो. टॉमचा पैसा कशाचा, हे कादंबरीत कोणी विचारत नाही. वेस्ट एग नवश्रीमंतांचे आणि ईस्ट एग खानदानी श्रीमंतांचे. पण ईस्ट एगची प्रतिष्ठा पैशाच्या वयावर उभी नाही, उगमाचा प्रश्न न विचारला जाण्याच्या सवलतीवर उभी आहे. एरवी टॉमही मूळचा तिथला नव्हेच. आपण सारेच पश्चिमेकडून आलेले, ही जाणीव निवेदक निकला शेवटी होते.

मानपाड्यात तर हे नाते उलटेच आहे. येथे भातशेती करणारा आगरी समाज जुना; गिरगाव-दादरच्या चाळींतून, कोकणातून आलेला नोकरदार नवा. तरीही जमीन विकून बंगला बांधणाऱ्याला 'गुंठामंत्री' म्हणून नवश्रीमंत ठरवले ते या नोकरदाराने. प्राध्यापकांच्या वडिलांच्या तोंडी हा शब्द सहज येई, पुढे त्यांच्याही. त्यांच्या सदनिकेची किंमत ज्या भाववाढीने अनेक पटींनी वाढली, ती त्याच जमिनीची होती. पण एकाच्या बाबतीत ती 'आयुष्यभराची पुंजी', दुसऱ्याच्या बाबतीत 'आयता पैसा'. (भाताच्या लावणीचे कष्ट हिशेबात धरले, तर ही शब्दयोजना क्षणभरही टिकू नये.)

2017 च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम. हे कळताच प्राध्यापकांच्या मनात प्रथम आले ते असे : या मंडळींनी पुस्तके वाचली असतील का? गॅट्सबीच्या ग्रंथालयात शिरलेला तो चष्मेवाला पाहुणा हेच तपासत असतो. पुस्तके पुठ्ठ्याची नसून खरी आहेत, याने तो थक्क होतो. पानांच्या जोडलेल्या कडा मात्र कापलेल्या नाहीत, हेही त्याला दिसते. वर्गात हा प्रसंग त्यांनी वर्षानुवर्षे गॅट्सबीच्या दिखाऊपणाचा पुरावा म्हणून शिकवला होता. तपासणारा स्वतः आठवडाभर दारूच्या अमलात असलेला, यजमानाच्याच घरी पाहुणचार घेणारा आहे, याची दखल त्यांनी कधी घेतली नव्हती.

त्यांच्या गृहनिर्माण संस्थेच्या कागदपत्रांत जमिनीचा जुना सातबारा आहे. मूळ खातेदारांची नावे त्यात एकाखाली एक लिहिलेली आहेत, वारसांसह. संस्थेचे सचिव म्हणून ती फाईल अनेक वर्षे प्राध्यापकांच्याच कपाटात होती, इंग्रजी कादंबऱ्यांच्या खालच्या कप्प्यात. तिची दोरी त्यांनी सोडली ती या वाचनानंतर.